घरात अन्न आहे, पण पोर जेवत नाही



या पत्रिकेत आपण नेहमी बेण्याच्या, खताच्या, तोडणीच्या गोष्टी वाचता. लागण केव्हा करावी, खोडव्यात पाचट कसे कुजवावे, वजनाची पावती कशी सांभाळावी, हे आम्ही वारंवार लिहितो आणि पुढेही लिहू. या खेपेला मात्र विषय वेगळा आहे. विषय आहे घरातल्या ताटाचा.

दोन हंगामांपूर्वी गटागटांत सभा घेत फिरताना एका सभासदाच्या घरी आम्ही चहाला थांबलो. घर खाऊन-पिऊन सुखी. ओसरीवर ज्वारीची पोती, गोठ्यात दोन दुभत्या म्हशी. पण घरात कोणी मोकळेपणी बोलेना. जरा वेळाने माउली दाराआडून म्हणाली, "भाऊ, घरात दाण्यापाण्याची कमी नाई. पण पोरगी जेवत नाई. आता काय करावं, तुमीच सांगा."

आम्ही ऊस पिकवणारी माणसं. आम्हाला तेव्हा काही सांगता आले नाही. पण पुढचे वर्षभर आम्ही त्या घराच्या संपर्कात राहिलो, जाणत्या डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले. त्या घराच्या संमतीने, नाव-गाव न सांगता, जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो. असे घर एकच असेल असे आम्हाला वाटत नाही.

पोरगी सतरा वर्षांची. दहावीला चांगले मार्क, म्हणून बारावीसाठी तालुक्याच्या गावी ठेवलेली. तिथे आधी भात सुटला, मग तेलाचे, मग रात्रीचे जेवण. दिवाळीला घरी आली तेव्हा गालफडे बसलेली, हातपाय गार, उन्हातही अंगावर शाल. केस गळू लागले, पाळी थांबली. आई विचारी, "जेवत काऊन नाई व माय?" ती म्हणे, "मले जातच नाई. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटते." सोमवार होता, गुरुवारही धरला, चतुर्थी-एकादशी तर होत्याच. घरातल्यांना वाटले, पोर भाविक झाली. अभ्यासात मात्र पहाटे चारला उठून बसायची.

मग सुरू झाली फिरस्ती. टॉनिक झाले, सोनोग्राफी झाली, क्षयाची तपासणी झाली. "रिपोर्ट नॉर्मल आहे," असे सगळीकडे सांगितले. शेजारीपाजारी म्हणाले, बाहेरचं असंल. आजोबा म्हणाले, शिक्षण सोडवा, लगीन लावा. आणि एका रात्री बापाने संतापाच्या भरात ताट उचलून अंगणात भिरकावले. "नखरे आहेत सारे!" तो बाप आम्हाला हे सांगताना रडला. म्हणाला, "भाऊ, बैल चारा खात नसला तर मी त्याले मारत नाई, डॉक्टर बोलावतो. पोरीले मात्र बोललो."

हा काय आजार आहे? डॉक्टरी भाषेत याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. नाव नवे वाटले तरी दुखणे नवे नाही. १६८९ साली रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने क्षयावरच्या आपल्या ग्रंथात अशा एका मुलीचे वर्णन केले आहे: ताप नाही, खोकला नाही, तरी ती झिजत चाललेली. पुढे १८७३ च्या सुमारास लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी जवळजवळ एकाच वेळी या दुखण्याची नीट मांडणी केली. लासेग यांनी तर घरातल्या माणसांच्या विनवण्या, धमक्या आणि चिंता यांचेही वर्णन केले. दीडशे वर्षांपूर्वीचे पॅरिस आणि आपली ओसरी यांत फरक नाही, हे वाचून आम्ही चकित झालो.

याचे भाऊबंद आणखी आहेत. काहीजण एकदम भरमसाट खातात आणि मग लाजेने, भीतीने उलटी काढतात किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतात. त्याला बुलिमिया म्हणतात. १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी ते नाव दिले. अशा माणसाचे वजन बऱ्याचदा बेताचेच असते, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही. काहीजण नुसतेच लपून भरमसाट खातात आणि मग स्वतःला दोष देत बसतात. हे पोरांनाही होते, केवळ पोरींनाच नव्हे.

"हे शहरातल्या श्रीमंतांचे चोचले," असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतील. आम्हीही म्हणत होतो. पण १९९३ साली हाँगकाँगच्या सिंग ली या डॉक्टरांनी सत्तर रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलींना जाड होण्याची भीती नव्हतीच. त्या म्हणत, पोट फुगते, भूक नाही, जात नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९५ साली पाच मुलींची हकीकत लिहिली, तिचाही सूर असाच. २०१२ साली बेंगळुरूच्या ६६ मानसोपचार तज्ज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या दोनतृतीयांश डॉक्टरांनी असा एक तरी रुग्ण पाहिला होता. म्हणजे आपली पोर "मी जाडी होईन" असे म्हणणार नाही, ती "गॅस होतो" म्हणेल. आपण गॅसची गोळी आणू आणि सहा महिने जातील.

इथे उपवासाविषयी एक शब्द. उपवास हा आजार नव्हे. आपल्या माया-बहिणी पिढ्यान् पिढ्या उपवास करतात, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तो सोडून हसतखेळत जेवतात. उपवासाला पारणे असते. या दुखण्याला पारणे नसते. उपवास सोडायची वेळ आली की पोरगी घाबरते, चिडते, निमित्त काढते, तिथे ओळखावे की हे व्रत नाही.

शेतकऱ्याला समजेल असे उदाहरण देतो. चुनखडीच्या रानात ऊस केवड्याने पिवळा-पांढरा पडतो, हे आपण पाहिलेच आहे. त्या मातीत लोह नसते का? असते. पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. आपण पिकाला शिव्या देत नाही. हिराकस फवारतो, आणि पुढच्या लागणीला हिराकस शेणखतात मुरवून जमिनीत घालतो. नुसती फवारणी केली तर चार पाने हिरवी होतात, पुन्हा केवडा येतो. नुसती जमीन सुधारत बसलो तर ती सुधारेपर्यंत उभे पीक हातचे जाते. दोन्ही कामे लागतात. या पोरींचेही तसेच आहे. घरात अन्न आहे, पण तिला ते घेता येत नाही. शरीराला ताबडतोब अन्न लागते, आणि ज्या भीतीमुळे अन्न जात नाही त्या मनाची मशागतही लागते.

भुकेने मन कसे बदलते याचा एक मोठा प्रयोग झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथाईने उतरले. पण खरी गोष्ट पुढे आहे. ही शहाणीसुरती माणसे चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला, कोणी ताटावर तासन् तास रेंगाळू लागला. आणि पोटभर खायला मिळू लागल्यावरही मन लगेच ताळ्यावर आले नाही, कित्येक महिने गेले. यातून शिकायचे ते हे, की उपाशी मेंदूला कितीही समजावले तरी ते आत जात नाही. आणि "नखरे" म्हणून आपण जे पाहतो त्यातले निम्मे तर भुकेचेच काम असते.

म्हणून या दुखण्यावर एकटा डॉक्टर पुरत नाही. तिघे-चौघे मिळून लागतात.

पहिला डॉक्टर. तो नाडी, रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि रक्तातले क्षार पाहतो. चक्कर येणे, नाडी फार मंद होणे, पायावर सूज, सारख्या उलट्या अशी लक्षणे असली तर आधी दवाखान्यात भरती. मानसिक आजारांत जिवाला सर्वात जास्त धोका असलेल्यांपैकी हा एक आहे, हे हलक्याने घेऊ नये.

दुसरा आहारतज्ज्ञ. आता पोर खायला तयार झाली की आपण काय करतो? तुपाचा शिरा, लाडू, दूध, "खा माय, खा." इथेच घात होतो. खळ्यावर बैल सुटून ज्वारीच्या राशीवर पडला तर काय होते हे कोणाला सांगायला नको. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतात आणि हृदय बंद पडू शकते. महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांत डॉक्टरांनी हे पाहिले. म्हणून सुरुवातीला किती द्यायचे, कसे वाढवायचे, हे जाणकारानेच ठरवायचे. पुढे आहारतज्ज्ञ रोजच्या वेळा बांधून देतो: तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीनदा थोडे खाणे, ठरल्या वेळी, भूक असो वा नसो. परदेशी पावडर लागत नाही. आपली भाकरी, तुरीचे वरण, बेसन, दही, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे यांतच सगळे बसते. आणि "हे वाईट अन्न, ते चांगले अन्न" ही वर्गवारी तो हळूहळू मोडून काढतो.

तिसरा मानसोपचार तज्ज्ञ किंवा समुपदेशक. घास तोंडापर्यंत आला की मनात काय येते, परीक्षेची भीती किती, घरात कोणाचे काय बोलणे लागले, जेवणावर ताबा ठेवला म्हणजे सगळ्यावर ताबा राहील असे का वाटते, हे तो उलगडतो. बुलिमियासाठी ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८१ पासून बोलण्याच्या उपचाराची एक पद्धत बांधली. तिच्यात खाण्याची रोजची नोंद आणि मनातल्या विचारांची नोंद एकाच वहीत ठेवतात.

आणि चौथे घर. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या मंडळींनी १९८७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्या मुलींचे दुखणे लहान वयात सुरू झाले आणि तीन वर्षांहून जुने नव्हते, त्यांना घरच्यांना बरोबर घेऊन केलेल्या उपचाराचा जास्त गुण आला. या पद्धतीत आई-बापाला दोष देत नाहीत. उलट त्यांना सांगतात, काही दिवस पोरीच्या जेवणाची जबाबदारी तुम्ही घ्या, शेजारी बसा, रागावू नका, पण ताटावरून उठूही देऊ नका. पोर सावरली की जबाबदारी थोडी-थोडी तिच्या हाती परत द्या. आपल्या एकत्र कुटुंबाला हे काही अवघड नाही. आज्या-काकू-आत्या घरात असतात, त्या पाळीपाळीने बसू शकतात.

आता त्या घरी काय झाले ते सांगतो. मोठ्या शहरात त्यांना आहारतज्ज्ञही भेटले आणि समुपदेशकही. पण दोघे वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न ओळखणारे. एकाने सांगितले, रोज सकाळी वजन करून लिहा. दुसऱ्याने सांगितले, वजनकाटा घरातून काढून टाका. एक म्हणे, तेल जपून. दुसरा म्हणे, तिला हवे ते खाऊ द्या. पोरगी हुशार, ज्याचे ऐकायचे नाही त्याच्यासमोर दुसऱ्याचे नाव सांगे. दोन महिने गेले, वजन आणखी उतरले. एका बैलाने उजवीकडे ओढावे, दुसऱ्याने डावीकडे, तशी ती गाडी जागेवरच रुतली.

शेवटी एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी वाट काढली. त्यांनी एक साधी दोनशे पानी वही आणायला लावली. त्यात आहारतज्ज्ञाने लिहायचे, समुपदेशकाने त्याच पानावर खाली लिहायचे, आईने रोजचे जेवण लिहायचे. वजन आठवड्यातून एकदा, फक्त डॉक्टरीणबाईंकडे. पंधरा दिवसांनी तिघांनी फोनवर एकमेकांशी बोलायचे आणि पोरीला एकच गोष्ट सांगायची. एवढेच. नवे औषध नाही, मोठी फी नाही. तिथून गाडी हलली.

लगेच सगळे चांगले झाले असे मात्र नाही. संक्रांतीला पाहुण्यांपैकी कोणी तरी म्हणाले, "आता कशी अंगानं भरली पोरगी!" चांगल्या मनानेच म्हणाले असतील. त्या रात्री ती पुन्हा जेवली नाही, आठ दिवस मागे गेले. पण वही होती, त्यामुळे ते दुसऱ्याच दिवशी तिघांना कळले. वर्ष लागले. पाळी परत आली, केस सावरले, बारावी एक वर्ष उशिरा दिली. आजही परीक्षेच्या दिवसांत आई तिच्या शेजारी ताट घेऊन बसते. बाप मागच्या सभेला भेटला तेव्हा म्हणाला, "परवा तिनं आपणहून भाकरी मागतली, भाऊ." हे सांगताना त्याचा चेहरा विक्रमी उतारा आल्यासारखा झाला होता.

आपल्या भागातले याच जातीचे आणखी एक दुखणे सांगितले पाहिजे. माती, चुलीची भाजकी माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खाणाऱ्या पोरी-बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आपण "डोहाळे" म्हणून सोडून देतो किंवा पोराच्या पाठीत धपाटा घालतो. वैद्यकशास्त्र याला पायका म्हणते आणि खाण्याच्या विकारांतच धरते. अंगात लोह कमी असणाऱ्यांत हे पुष्कळ दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणून मारून-लाजवून काही होत नाही. रक्त तपासावे, जंताची आणि लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी, जेवणाबरोबर लिंबू पिळावे, जेवणावर लगेच चहा पिऊ नये, आणि त्या बाईला सवय सोडायला गोडीने साथ द्यावी. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी फेकू नका असे पोरींना सांगावे. तोडणीच्या टोळ्यांतल्या बाया तर पहाटे उपाशीपोटी फडात उतरतात. मुकादम मंडळींनीही याकडे पाहावे.

उपचाराला जायचे कोठे? अंगणवाडी आणि आशाताईंना विचारले तर त्या वाट दाखवतात. बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा आहे, आणि २०२४ साली आपल्या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. केंद्र सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही फोनसेवा सुरू केली, तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, आपल्या भाषेत बोलता येते. शेतकरी आत्महत्यांनी गाजलेल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात आपला जिल्हाही होता. मनाच्या दुखण्याला डॉक्टर असतो, हे आपल्याला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले आहे. ते शिक्षण पोरींच्याही कामी यावे.

राहिली गोष्ट देवाधर्माची. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर केवढी यात्रा भरते आणि मनाने दुखावलेली किती माणसे तिथे येतात, हे आपण जाणतोच. कोणाच्या श्रद्धेला आम्ही नावे ठेवत नाही. पण गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम चालला. दर्ग्याचे मुजावरच रुग्णाला जवळच्या डॉक्टरकडे धाडू लागले. दुआ करा, पण दवा चुकवू नका, एवढेच आमचे म्हणणे. आणि साखळदंड, मारझोड, उपाशी ठेवणे हे कोणत्याही नावाखाली होऊ देऊ नका.

शेवटी सभासदांना चार गोष्टींची विनंती. लग्न जमवताना "पोरगी बारीक पाहिजे" हे बोलणे बंद करावे. पोराच्या-पोरीच्या अंगावरून, जाड असो की वाळकी, पंगतीत थट्टा करू नये. तीन महिन्यांत कपडे सैल झाले, पाळी चुकली, जेवणानंतर पोर लगेच मोरीत जाऊ लागली, पंगत टाळू लागली, तर वाट पाहू नये. आणि उपचार सुरू झाला की एक वही करावी. जो जो सल्ला देईल त्याने त्याच वहीत लिहावे.

आपला जिल्हा मातृतीर्थ म्हणवतो. सिंदखेडराजाला आपण दर वर्षी १२ जानेवारीला जिजाऊंना वंदन करायला जातो. त्या मातीतली लेक भरल्या घरात उपाशी राहू नये, आणि राहिलीच तर ताट भिरकावण्याऐवजी तिच्याशेजारी ताट घेऊन कोणी तरी बसावे, म्हणून हा लेखनप्रपंच. कोणाच्या घरी अशी अडचण असेल तर गट कार्यालयात येऊन सांगावे. नाव कोठेही जाणार नाही. वाट आम्ही दाखवू, आणि गरज पडली तर बरोबरही येऊ.